न कापलेला फर्मा

आपट्यांचं आडनाव आपटे नव्हतं. ते प्रवासी बॅगांच्या कारखान्यात तपासणी विभागात कामाला होते, आणि नव्या कोऱ्या बॅगा उंचावरून आपटणं हे त्यांचं काम होतं. वजन भरलेली बॅग लोखंडी चौकटीवरून खाली सोडायची आणि कुठे फुटते ते बघायचं. खिट्टी मोडेपर्यंत उघडमीट करायची, चाक निखळेपर्यंत खडबडीत पट्ट्यावरून फिरवायचं. पहिल्याच आठवड्यात शिवणखात्यातल्या कुणीतरी त्यांना "आपटे" म्हटलं, आणि खरं आडनाव हळूहळू पगारापुरतं उरलं. आता निवृत्ती जवळ आली होती. खऱ्या आडनावाने कुणी हाक मारली असती, तर दुसऱ्या कुणाला बोलावतायत असं समजून ते बाजूला सरकले असते.

दिवसभर नव्या वस्तूंची नासधूस करणारा हा माणूस घरी आला की कोरेपणाचा पुजारी होई. झोपायच्या खोलीत काचेच्या दारांचं एक कपाट होतं. त्यात एकाच लेखकाच्या हेरकादंबऱ्या होत्या, प्रत्येकीच्या दोन-दोन प्रती. वरच्या फळीवरची प्रत पहिल्या आवृत्तीची, लेखकाच्या सहीची, आणि कोरी. खालच्या फळीवरची कुठल्याही आवृत्तीची, वाचण्यासाठी. वरच्या फळीला घरात "कोरी" आणि खालच्या फळीला "उष्टी" म्हणत. वाचलेलं पुस्तक म्हणजे उष्टं, हा आपट्यांचा सिद्धांत होता. पानाला बोट लागलं, पुठ्ठ्याचा सांधा एकदा कुरकुरला, की ते पुस्तक दुसऱ्याच्या ताटातलं झालं. वरच्या फळीवरचं पुस्तक ते सहीचं पान दिसेल इतपतच उघडत. शेजारी आजारी माणूस झोपलेला असताना दार उघडावं, तसं.

हा सिद्धांत हवेतून आला नव्हता. आपटे चार भावांतले धाकटे. त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रत्येक पँटला आधी तीन जोड्या गुडघ्यांचा अनुभव होता. भूगोलाच्या पुस्तकातले नकाशे आधीच रंगवलेले आणि कोड्यांची उत्तरं आधीच लिहिलेली असत. तीही चुकीची असत, पण ते वेगळं. वाचनालयातून घरी आलेली या लेखकाची एक कादंबरी त्यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा तिसऱ्या नंबरच्या भावाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "फितूर डॉक्टर आहे." आपट्यांनी तरीही ती शेवटपर्यंत वाचली. डॉक्टर खरंच फितूर निघाला. तरीही पुस्तक आवडलं, आणि ज्या लेखकाचं उष्टंसुद्धा इतकं चवदार, त्याचं कोरं पुस्तक आपल्याकडे असायलाच हवं, असं त्या मुलाने ठरवून टाकलं.

पुढे कमावते झाल्यावर ते एका दुकानात लेखकाच्या सहीसाठी रांगेत उभे राहिले. लेखकाने पेन उघडून विचारलं, "नाव काय घालू?"

"नाव नको," आपटे म्हणाले. "फक्त सही."

"नाव नको? मुलगी पळवून नेताय की पुस्तक?"

"नाव घातलं की ते कुणाचंतरी होऊन जातं."

लेखकाने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं, फक्त सही केली, आणि त्यानंतर दर नव्या पुस्तकाच्या वेळी रांगेत हा चेहरा दिसला की ते मोठ्याने म्हणत, "या, फक्तसही!" म्हणजे कारखान्यात आपटे आणि साहित्यात फक्तसही. खरं नाव कुठेच लागत नसे.

खालच्या फळीचा कारभार बायकोकडे होता. ती शाळेत गणित शिकवायची, आणि आपटे तिला घरातही मास्तरीणबाई म्हणत. ती उष्टी पुस्तकं मनापासून वाचायची. जेवताना वाचायची, पानाचा कोपरा दुमडायची, मध्येच उठावं लागलं तर पुस्तक खुर्चीच्या हातावर उपडं टाकून जायची. उपडं पुस्तक दिसलं की आपट्यांच्या पाठीचा कणा दुखायला लागे. पुस्तक खालच्या फळीवरचं असलं तरीही.

मास्तरीणबाईंचं लेखकाशी एकच भांडण होतं, आणि ते त्याच्या पहिल्या कादंबरीवरून.

ती कादंबरी पहिल्यांदा एका हौशी प्रकाशकाने काढली होती. थोड्या प्रती खपल्या, उरलेल्या गोदामातल्या ओलीने खाल्ल्या. प्रकाशक फरशीच्या धंद्यात शिरला आणि तिथे सुखी झाला. लेखकाचं नाव झाल्यावर दुसऱ्या प्रकाशकाने ती पुन्हा छापली, आणि जगाने वाचली ती ही दुसरी आवृत्ती. तिच्यात नवव्या प्रकरणाच्या शेवटी हेराची बायको आपल्या घरी कप विसळत उभी असते. नवरा कुठे गेलाय हे तिला माहीत नाही, तो हेर आहे हेही नाही. दहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला ती परदेशातल्या एका हॉटेलात, त्याच्या कुलूपबंद खोलीत खुर्चीवर बसलेली असते आणि म्हणते, "चला आता घरी." दोन देशांची गुप्तहेर खाती जंगजंग पछाडतात, त्यांना तो सापडत नाही. हिला सापडतो. कसा, ते पुस्तक सांगत नाही.

"ती खोलीत आली कशी?" लग्नानंतर पहिल्यांदा ती कादंबरी वाचून संपवली तेव्हा मास्तरीणबाईंनी विचारलं होतं.

"हेरकथेत सगळं सांगत नाहीत," आपटे म्हणाले होते.

"सगळं नको, पण एक पायरी गाळलीय ना? माझ्या वर्गात याला अर्धे मार्क."

समीक्षकांचं मत वेगळं होतं. त्यांनी त्या जागेला "धाडसी मौन" म्हटलं. एका गृहस्थाने त्या मौनावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. मास्तरीणबाईंवर याचा काही परिणाम झाला नाही. उलट ते वाक्य घरात म्हण होऊन बसलं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला, की "ती खोलीत आली कशी?" मुलगी अचानक पहिली आली, तेव्हाही तेच. लग्न होऊन ती दूर गेल्यावर फोनवरसुद्धा आईला विचारायची, "कळलं का गं, ती खोलीत आली कशी?"

या कादंबरीची पहिली आवृत्ती आपट्यांना फार उशिरा मिळाली. बंद पडलेल्या एका आरोग्यधामाची पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने उचलली होती, त्यात ती होती. दुकानदाराने ती हातात देताना पानांच्या वरच्या कडेवरून नख फिरवलं.

"बघा. एक फर्मा कापायचाच राहिलाय."

फर्मा म्हणजे छापखान्यातून आलेला एक मोठा कागद. त्याच्यावर सोळा पानं छापलेली असतात. त्याच्या घड्या घालतात, शिवतात आणि मग कडा कापतात, तेव्हा पानं सुटी होतात. या प्रतीत एका फर्म्याची घडी जरा आत बसल्यामुळे बाइंडरचं पातं तिला लागलंच नव्हतं. पानं वरून आणि बाजूने जोडलेलीच होती, पाकिटासारखी, फक्त खालून उघडी.

"म्हणजे ही कुणी वाचलेलीच नाही," आपटे हळूच म्हणाले.

"वाचणार कशी? कापायची झाली तर धारदार काही घेऊ नका हां. धार भरकटते. बोथट सुरी घ्या, ती घडी धरून जाते."

आपट्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तान्ह्या बाळाचे कान कसे टोचावेत ते सांगितलं होतं. वरच्या फळीवर बाकीची पुस्तकं कोरी होती, पण ती सांभाळून कोरी ठेवलेली. हे जन्मतः कोरं होतं. लेखकानेही सही करताना डोळे मोठे केले. "अरे, ही अजून जिवंत आहे? माझ्याकडेसुद्धा नाही." आपट्यांना ते वाक्य पुढचं वर्षभर पुरलं.

यानंतर काही वर्षांनी, एका रविवारी सकाळी, लेखक स्वतः आपट्यांच्या दारात उभे राहिले. हातात काठी होती, आणि सोबत एक चुणचुणीत तरुण संपादिका. दुकानदाराकडून पत्ता मिळवला होता.

"फक्तसही, तुमच्याकडे काम काढलंय," धापा टाकत ते खुर्चीत बसले. "माझं सगळं लेखन एकत्र निघतंय. ही आमची संपादिका. हिने मला एक प्रश्न विचारून म्हातारपणी उघडं पाडलं."

"मी एवढंच विचारलं," संपादिका म्हणाली, "की पहिल्या कादंबरीत ती खोलीत आली कशी?"

स्वयंपाकघराच्या दारात मास्तरीणबाई चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थांबल्या.

"मी म्हटलं, लिहिलंय की मी ते," लेखक म्हणाले. "ही म्हणाली, नाही लिहिलेलं. मी पुस्तक उघडून पाहिलं, तर खरंच नाही!"

"तुम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं?" आपट्यांनी विचारलं.

"मी माझी पुस्तकं वाचत नाही. मला शेवट माहीत असतो."

मग संपादिकेने उलगडा केला; दुसऱ्या प्रकाशकाच्या दप्तरात तिला ती जुनी प्रत सापडली होती. दुसरी आवृत्ती ज्या प्रतीवरून जुळवली, तिच्यात बाइंडर एक फर्मा घालायलाच विसरला होता. नेमकं एक अख्खं प्रकरण त्या फर्म्यात मावलं होतं. असा योगायोग कादंबरीत घातला असता तर याच लेखकाला लोकांनी धारेवर धरलं असतं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला नऊनंतर एकदम अकरावं प्रकरण दिसलं. आकडे चुकलेत असं समजून त्याने ते प्रामाणिकपणे दुरुस्त केले. तेच ते धाडसी मौन.

"मग पुन्हा लिहा ना," आपटे म्हणाले.

"प्रयत्न केला. आठवतच नाही, ती आली कशी. वाचनालयातल्या प्रती वाचकांनी हरवल्यात. तुमची तेवढी राहिली."

आपट्यांनी हात धुऊन, पुसून, पुस्तक काढलं आणि टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर ठेवलं. संपादिकेने हलक्या हाताने नववं प्रकरण गाठलं, पुढचं पान उलटायला गेली, आणि थांबली.

"ही पानं जोडलेली आहेत."

तोच फर्मा होता. जो बाइंडर एका प्रतीत तो घालायला विसरला, तोच या प्रतीत तो कापायला विसरला होता. माणूस निदान सातत्याचा पक्का.

"कात्री आहे का घरात?" लेखकाने सहज विचारलं.

आपट्यांचा चेहरा पाहून संपादिका घाईने म्हणाली, "नको नको, खालून उघडं आहे. डोकावून बघू."

मग पुढचा बराच वेळ हेरगिरीवर आयुष्य काढलेला तो थोर लेखक गुडघे टेकून, एका हातात टॉर्च घेऊन, स्वतःच्याच पुस्तकात खालून डोकावत बसला. संपादिकेने पानांमध्ये मोबाइल सरकवून फोटो काढायचा प्रयत्न केला. फोटोत तिचा अंगठा आला.

"'लोकरी'... 'लोकरी' काहीतरी आहे," लेखक ओरडले. "पुढे दिसत नाही. कोण लिहितो इतकं बारीक!"

"तुम्हीच," मास्तरीणबाई म्हणाल्या. एवढ्या वेळात त्यांनी उच्चारलेला हा एकच शब्द.

शेवटी लेखक काठीच्या आधाराने उठले. "फक्तसही, पुस्तक तुमचं आहे. कापायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी जोर करणार नाही. समीक्षकांना ते मौन आवडतंच." आणि दोघं गेली. चहा तसाच राहिला.

आपट्यांनी पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं. मास्तरीणबाईंनी कप विसळले. संध्याकाळी दिवा लावताना त्या म्हणाल्या, "म्हणजे उत्तर घरातच होतं. काच मीच पुसत होते."

"मला काय माहीत त्यात काय आहे ते?"

"माहीत असतं तरी तुम्ही कापलं नसतं."

भांडायच्या सुरात म्हणाल्या असत्या तर आपट्यांना उत्तर देता आलं असतं. पण त्या गणितातली एक पायरी सांगावी तशा म्हणाल्या आणि वह्या तपासायला बसल्या. आपट्यांनी मनातल्या मनात ती पायरी खोडायचा खूप प्रयत्न केला. ती बरोबर होती.

सोमवारी कारखान्यात नव्या बॅगेचा नमुना आला. सुंदर बॅग. डिझायनर तिला कडेवर घेतल्यासारखी घेऊन आला होता.

"आपटेसाहेब, ही नका आपटू. एकच तयार झालीय. नुसती वरून बघा आणि पास करा."

"न आपटलेली बॅग चांगली आहे, हे कुणी सांगितलं?" आपटे सवयीने म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते. भिंतीवर लावायचं तेवढं राहिलं होतं. पण त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडलं आणि समोरच्या चौकटीला लागून परत आलं. ते बॅग हातात धरून उभे राहिले. डिझायनरला वाटलं, साहेब विरघळले. तेवढ्यात आपट्यांनी बॅग सोडली. ती खाली आदळली, आणि कोपरासुद्धा चेपला नाही.

"बघा," डिझायनर आनंदाने ओरडला, "किती मजबूत आहे!"

"आता कळलं ना," आपटे म्हणाले, आणि खुर्चीवर बसून राहिले.

कोरं म्हणजे नक्की काय सांभाळलं आपण, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडत होता. भावाने पहिल्या पानावर फितुराचं नाव लिहिलं, त्याचा राग त्यांनी जन्मभर धरला. कारण त्याने उत्तर आधी सांगून टाकलं. आणि आपण उत्तर ज्यात आहे ते कपाटच बंद ठेवलं. दोघांपैकी जास्त वाईट कोण, हे त्यांना ठरवता येईना. तिसऱ्या नंबरच्या भावाला क्षमा करायची वेळ आलीय, हे लक्षात आल्यावर त्यांना फार अवघडल्यासारखं झालं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी पुस्तक काढलं आणि मास्तरीणबाईंच्या वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवलं. वर लोणी लावायची बोथट सुरी ठेवली.

मास्तरीणबाईंनी सुरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "नको. माझ्यासाठी नका कापू. मग जन्मभर ऐकवाल."

"नाही ऐकवणार."

"तोंडाने नाही ऐकवणार हो. कपाटाकडे बघून उसासे टाकाल."

"तुझ्यासाठी नाहीच कापत." आपट्यांनी खुर्ची ओढली. "मलासुद्धा बघायचंय, ती आली कशी."

"तुम्हाला?" मास्तरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग इतकी वर्षं 'हेरकथेत सगळं सांगत नाहीत' ते काय होतं?"

"थाप."

मास्तरीणबाई हसायला लागल्या. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग सुरी त्यांच्याकडे सरकवून म्हणाल्या, "कापा. मोडतोडीचा पगार तुम्ही घेता."

आपट्यांनी सुरी घडीत घातली. कागद चरचरला, सुका आणि बारीक आवाज. बोथट सुरी खरंच घडी धरून गेली. एका पानाला तेवढी दात लागल्यासारखी कड आली, तेव्हा आपट्यांच्या तोंडून "हं" असा आवाज निघाला. मास्तरीणबाईंनी तो ऐकला नाही. म्हणजे ऐकला, पण तसं दाखवलं नाही. पानं सुटली. कधीच उजेड न पाहिलेली ती पानं बाकीच्यांपेक्षा पांढरी होती.

मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. कप विसळून झाल्यावर हेराची बायको नवऱ्याचं कपडे ठेवायचं कपाट उघडते. लग्न झाल्यापासून त्याची बॅग तीच भरत आलेली असते. या वेळी प्रथमच त्याने स्वतः भरलेली असते. तो लोकरी बनियन घेऊन गेलाय, आणि छत्री विसरलेला नाही, मुद्दाम ठेवून गेलाय. म्हणजे गाव थंड, पण कोरडं. असं एकच गाव तिला ठाऊक असतं. दर वेळी तिथून परत आला की त्याच्या कपड्यांना एकाच साबणाचा वास येई, आणि खिशात त्याच हॉटेलची काडेपेटी सापडे. ती साधं तिकीट काढून गाडीत बसते. हॉटेलच्या काउंटरवर नवऱ्याचा फोटो दाखवते आणि म्हणते, "मी यांची बायको." काउंटरवरचा माणूस उठून उभा राहतो आणि तिला किल्ली देतो.

एवढंच. दोन देशांच्या गुप्तहेर खात्यांना जे जमलं नव्हतं, ते एवढंच होतं. त्यांच्यापैकी कुणी काउंटरवर विचारलंच नव्हतं.

मास्तरीणबाई वाचायच्या थांबल्या. आपटे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसे.

"पायऱ्या बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "बनियन, छत्री, साबण, काडेपेटी. सगळं येतं."

"किती मार्क?"

"दहापैकी नऊ."

"एक कशाचा कापला?"

"तुम्ही इतकी वर्षं कापलं नाहीत, त्याचा."

पुढच्या रविवारी लेखक आणि संपादिका परत आले. लेखकांनी आपलंच प्रकरण चष्मा पुसून-पुसून वाचलं. "अरे, बरं लिहायचो की मी," म्हणाले. संपादिकेने पानांचे फोटो काढले, या वेळी अंगठ्याशिवाय. निघताना लेखकांनी पेन उघडलं.

"फक्तसही, आता हे उष्टं झालंच आहे. नाव घालू का? दोघांचं?"

आपटे काही बोलायच्या आत मास्तरीणबाई म्हणाल्या, "नाव नको. नावं ठेवायला मी आहे."

एकत्रित आवृत्ती निघाली. काही समीक्षकांना सापडलेलं प्रकरण अनावश्यक वाटलं. त्यांच्या मते त्याने मौनाची हानी झाली. डॉक्टरेटवाल्या गृहस्थांनी काय केलं ते कळलं नाही. मुलीला फोनवर सगळं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच?" आणि मग, थोड्या वेळाने, "बरोबर आहे पण."

ती प्रत मात्र कपाटात गेलेली नाही. वरच्या फळीला ती आता चालणार नाही, आणि खालच्या फळीवर ठेवायला आपट्यांचं मन धजत नाही. ती बाहेरच असते. परवा ते कामावरून आले, तर मास्तरीणबाई दारात कुणाशी तरी बोलत होत्या आणि पुस्तक खुर्चीच्या हातावर पडलेलं होतं. उपडं. सांधा पार ताणलेला, सहीचं पान बाकीच्या पानांखाली दुमडायच्या बेतात. आपट्यांचा हात पुढे गेला. पुस्तकापर्यंत पोचला. मग त्यांनी तो मागे घेतला, कारण बंद केलं असतं तर तिची जागा गेली असती.